वायरमन नानांची शेवंती

शिरपूरला करवंद नाक्याच्या आतल्या गल्लीत जाऊन लीलाधर पाटील कुठं राहतात असं विचारलं, तर लोक डोकं खाजवतील. वायरमन नाना म्हणा, लगेच बोट दाखवतील. छत्तीस वर्षं हा माणूस विजेच्या खांबावर चढला आणि उतरला. वादळात तारा तुटल्या की सगळं गाव त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचं, आणि वीज आली की नाना कोण, हे कुणाच्या ध्यानातही राहायचं नाही. एकदा बोराडीकडं काम करताना शॉक बसला आणि डाव्या हाताची दोन बोटं कायमची बधिर झाली. त्याच बोटांनी तव्यावरची भाकरी उलटवून दाखवायची आणि पाहुण्यांना घाबरवायचं, हा त्यांचा आवडता उद्योग. पाहुणे घाबरायचे, आणि कमलबाई वैतागून उलथनं पुढं करायच्या.

घरापुढं चार खाटा मावतील एवढं अंगण. ते कमलबाईंचं राज्य. झेंडू, अबोली, गावठी गुलाब, फाटकाशी जांभळी कोरांटी, आणि खिडकीखालच्या लांब वाफ्यात पिवळी शेवंती. नानांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. घर बांधलं तेव्हा अर्थिंगचा खड्डा खणायला त्यांना गुलाबाचाच वाफा सापडला होता. कमलबाई त्यावर आठ दिवस बोलल्या नाहीत. तेव्हापासून नाना अंगणात चालायचे तेसुद्धा परवानगी काढल्यासारखे, फाटकापासून ओट्यापर्यंत सरळ रेषेत.

शेवंतीचं मात्र सगळ्या गल्लीला माहीत. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घट मांडायचा म्हटलं की सकाळी सकाळी बायका फाटकाशी उभ्या. बाजारात फुलं काय मिळत नव्हती? पण घरच्या फुलाची गोष्ट निराळी. कमलबाई ओच्यात फुलं घेऊन उभ्या राहायच्या आणि येईल तिच्या ताटात मोजून नाही, मूठ भरून टाकायच्या. रिकामं ताट परत गेलेलं त्यांना खपत नसे. वीस वर्षांत एकही गुरुवार तसा गेला नव्हता.

यंदा श्रावणात त्यांचं पोट दुखायला लागलं. आधी ओवा झाला, मग गल्लीतला डॉक्टर झाला, मग धुळ्याचं मोठं हॉस्पिटल झालं. भादव्यात तिथल्या डॉक्टरनं नानांना आणि लेकीला, रत्नाला, बाहेर व्हरांड्यात बोलावलं. पोटातली गाठ लिव्हरपर्यंत गेली होती. "घरी घेऊन जा," तो म्हणाला, "जे खावंसं वाटेल ते द्या." हे वाक्य ऐकलं की पुढचं विचारायचं नसतं, एवढं आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक असतं. आजारी माणसाला ते सांगायचंही नसतं. नाना आत आले आणि तोंड भरून खोटं बोलले.

"डॉक्टर म्हने पथ्य सुटनं. आते काय बी खावानं, बठ्ठं."

कमलबाईंनी त्यांच्याकडं जरा वेळ पाहिलं. "बरं," म्हणाल्या. गाडीत बसताना म्हणाल्या, "यंदानी शेवंती एक डाव दखी लिसू, मंग कोठेबी धाडा."

बस. यंदाची शेवंती एकदा डोळ्यांनी पाहायची, एवढंच मागणं. सोनं नाही, नाणं नाही, तीर्थयात्रा नाही. नानांनी मनात गाठ मारली की इकडचं जग तिकडं झालं तरी शेवंती फुलवायची.

आणि कमाल बघा, ज्या माणसाला गवत आणि अबोली यांतला फरक कळत नव्हता, तो सकाळी सहाला खुरपं घेऊन वाफ्यात बसायला लागला. कमलबाईंची खाट मधल्या खोलीत खिडकीशी लावलेली. तिथून त्या सांगायच्या आणि नाना करायचे. "वरला शेंडा खुडा, तवय बाजूले फुटई." इतकी चांगली वाढलेली फांदी खुडायची म्हणजे नानांचा जीव खाली-वर. "खुडा हो, जीव नका लावा," आतून आवाज. नाना खुडायचे. शेणखत घातलं, काठ्या रोवल्या, आडव्या सुतळ्या बांधल्या. सुतळ्या अशा ताणलेल्या की पाहणाऱ्याला वाटावं, यातून आता करंट सोडणार.

मग त्यांनी एक गोष्ट स्वतःच्या अकलेनं केली. कमलबाईंना झोप लागत नसे. अंधारात छाती दडपते, म्हणायच्या. नानांना एकाएकी आठवलं ते बोराडीचं क्वार्टर. नवं लग्न, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, पावसात सगळ्या परिसराची वीज गेलेली, नाना कुठल्या तरी खांबावर, आणि ही एकवीस वर्षांची बाई दाराला कडी घालून अंधारात बसलेली. लोकांच्या घरी उजेड करायला नवरा गेलाय आणि आपल्या घरात चिमणीला तेल नाही. तेव्हा तिनं कधी चकार शब्द काढला नाही, म्हणून नानांनीही कधी विचारलं नाही. आता मात्र ते बाजारात गेले, पन्नास वॅटचा एलईडीचा फोकस आणला, स्वतः शिडी लावली, आणि खिडकीच्या वर भिंतीला तो असा बसवला की सगळं अंगण रात्रभर दिवसासारखं दिसावं. जागच आली तर निदान आपली झाडं तरी समोर दिसतील तिला.

"आते रातलेबी दिखस," कमलबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. "बरं करं तुम्हीन."

चाळीस वर्षांच्या संसारात कमलबाईंनी नानांच्या कामाला चांगलं म्हटलं ते हे पहिल्यांदा. नाना दिवसभर त्या फोकसकडं मान वर करून पाहत होते.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं. शेवंती कमरेएवढी झाली, पानं हिरवीकंच, दांडे बोटाएवढे जाड, आणि कळी? एक नाही. मार्गशीर्षाच्या पहिल्या गुरुवारी बायका ताटं घेऊन आल्या, वाफ्याकडं पाहिलं आणि ताटं पदराखाली घेऊन परत गेल्या. कमलबाईंनी खिडकीतून ते पाहिलं आणि तोंड भिंतीकडं केलं. नानांनी दुकानातून औषध आणून मारलं, पुडीतलं खत घातलं, कुणी सांगितलं म्हणून वाफ्यात काळी बाहुलीसुद्धा बांधली. कुणी म्हणे नजर लागली, कुणी म्हणे यंदा थंडीच नाही तर फूल कुठून येणार. हे दुसरं नानांना पटलं. थंडी खरंच नव्हती. मार्गशीर्षात खानदेशात शेकोट्या पेटायच्या, तिथं यंदा समुद्रात कुठंतरी वादळ झालेलं आणि इथं आठवडाभर आभाळ गळत होतं. शाल घ्यावी तर घाम यायचा, न घ्यावी तर अंग दमट व्हायचं.

पण फुलं, एक शेवंती सोडली तर, नुसती माजली होती. त्या शुक्रवारी सकाळी भुरभुर चालू असताना कमलबाई म्हणाल्या, मला ओट्यावर न्या. रत्ना मार्गशीर्ष लागताच धुळ्याहून आईजवळ येऊन राहिली होती. ती खुर्ची मांडेपर्यंत नानांनी कमलबाईंना दोन्ही हातांवर उचललं. वजन लागलंच नाही हाताला. तोंडानं मात्र म्हणाले, "लगीनमाबी उचलं नव्हतं तुले."

"तवय तुम्हनामा दम कोठे व्हता," कमलबाई म्हणाल्या.

ओट्यावर पत्रा होता. पत्र्यावर पाऊस वाजत होता, आणि समोर अंगण ओलंचिंब. कोरांटी फाटकावर लोळण घेत होती. गुलाबाची फुलं भिजून जड झालेली, वास ओट्यापर्यंत येत होता. अबोलीचा रंग एरवी उन्हात विटतो, तो ढगाखाली कसा पेटला होता. झेंडूंनी पाणी पिऊन माना टाकल्या होत्या.

"झेंडूनं पानी झटका हो, डेख मोडी जाई."

देठ मोडू नयेत म्हणून नाना उघड्या डोक्यानं पावसात उतरले आणि एकेका झेंडूला हनुवटीला धरून उठवावं तसं उठवून पाणी झटकू लागले. झटकलेलं पाणी त्यांच्याच तोंडावर. चष्मा धुकट झाला, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलं, आणि एक झेंडू झटकून पुढं गेले की मागचा पुन्हा पाण्यानं वाकलेला. कमलबाई हसायला लागल्या. श्रावणानंतर पहिल्यांदा हसल्या, पोटाला हात धरून, दुखत होतं तरी हसल्या. "त्या मांघला, त्या मांघला ऱ्हायना," असं बोटानं दाखवत राहिल्या. रत्ना दारात चहाचे कप घेऊन तशीच उभी राहिली. तो अर्धा तास खरोखर सुखाचा होता. नंतर नानांना वाटायचं, तेवढ्यावरच थांबायला हवं होतं सगळं.

मग कमलबाईंची नजर शेवंतीवर गेली. "हाई मन्हावर रुसनी का काय?" त्या म्हणाल्या, आणि हसू गेलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. अभिमन आला होता, थाळनेरकडचा. कधीकाळी त्याच्या विहिरीवरचं कनेक्शन नानांनी भर पावसात जोडून दिलं होतं, तो उपकार तो अजून भरताच्या वांग्यांनी फेडत होता. वांग्यांची पिशवी ओट्यावर ठेवली, कमलबाईंच्या पायांना हात लावला, आणि वर भिंतीकडं पाहून थबकला. आभाळ होतं म्हणून नानांनी फोकस सकाळीही तसाच चालू ठेवला होता.

"नाना, हाऊ दिवा रातभर चालू ऱ्हास का?"

"रातभर," नाना अभिमानानं म्हणाले. "भादवापासून. एक रात बंद नही."

अभिमन हसला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत आपण काय बोलतोय. "मंग शेवंती कशी फुलई? तिले लांब रात लागस, काळीकुट्ट. मी नाशिककडे फुलना मळामा व्हतू ना, तठे मुद्दाम बल्ब लावूत, फूल मांघे ठेवाले. लगीनसराईलोंग फुलूच द्येत नव्हतूत."

नानांनी मान वर करून फोकसकडं पाहिलं. वीस वर्षं ही शेवंती न चुकता फुलत होती, आणि ज्या वर्षी फुलायलाच हवी त्या वर्षी त्यांनी स्वतः शिडीवर चढून तिच्या डोक्यावर दिवस टांगला होता. जन्मभर उजेड वाटला; उजेडानं कुणाचं काही बिघडतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. करायला गेलं एक आणि झालं भलतंच, असं लोक म्हणतात. पण भलतं म्हणजे किती भलतं असावं?

"आते बंद करा," अभिमन म्हणाला. "आज बंद करा तर दीड महिनामा फूल दिखी. पन मधमा एक रातबी लावा तर कळी तठेच थटई. खिडकीना उजेडबी नको."

नानांनी कमलबाईंकडं पाहायची हिंमत केली नाही. त्याच म्हणाल्या, "जाऊ द्या. तुम्हले काय मालूम." शिव्या घातल्या असत्या तर नानांना बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी फोकस बंद झाला. नाना नुसतं बटण बंद करून थांबले नाहीत, ते खांबावरच्या माणसासारखे पुरतं काम करायला लागले. आधी तीन दिवस झाडांवरच ताडपत्री टाकून पाहिली, म्हणजे खिडकी तरी उघडी राहील. पण त्या दमट हवेत ओल कोंडली आणि खालची पानं काळी पडून गळायला लागली. मग ताडपत्री खिडकीवर आली. दिवेलागणीला खिडकी बंद, वर ताडपत्री, चारी कोपरे खिळ्यांना बांधलेले. आत झिरोचा बल्ब. सकाळी उजाडलं की उघडायची. रत्ना आईजवळ झोपायची, म्हणून नाना बाहेरच्या खोलीत. रोज सकाळी ते चष्मा पुसून वाफ्यात वाकायचे. पाऊस कधी यायचा, कधी नुसते ढग. कमलबाईंचं जेवण दोन घासांवर आलं, मग पेजेवर, मग चमच्यानं पाण्यावर. डोळे पिवळे झाले. रोज सकाळी मात्र त्या विचारायच्या, "दिखनी का?" आणि नाना म्हणायचे, "दिखई, दिखई."

अठराव्या दिवशी दिसली. शेंड्याच्या पानात मोहरीच्या दाण्याएवढी हिरवी गाठ. नानांनी दुसरा शेंडा पाहिला, तिथंही. तिसरा. सगळ्या वाफ्यावर. नाना तसेच चिखलाच्या पायांनी आत धावले.

"रत्नानी माय! कळी उनी! बठ्ठास्ले उनी!"

कमलबाईंनी डोळे उघडले. बोलायला त्यांना आता वेळ लागायचा. "कवय फुलई?"

"संक्रांतले," नाना म्हणाले. "संक्रांतले पिवळंधम्मक व्हई बठ्ठं."

त्या हसल्या. मग थकून डोळे मिटले. नाना ओट्यावर येऊन पाय धुऊ लागले. रत्ना मागोमाग आली आणि बापाला हळू आवाजात म्हणाली, "दादा, तुम्हले सांगू नको म्हने माय. पन आते माले ऱ्हावास नही."

"काय?"

"पंधरा दिन व्हयनात, माय रातले झोपेल नही. खिडकी बंद व्हयनी की मन्हा हात धरी ठेवस. कोठीमा कोंडेलगत वाटस म्हनस. दर घंटाले इचारस, उजाडनं का, उजाडनं का. मी म्हनू, दादाले सांगस. तर म्हने, नको, त्यास्ना जीव कळीमा गुतेल शे."

नाना तांब्या धरून तसेच बसले. पाणी पायावरून वाहून संपलं तरी उठले नाहीत. एवढं आयुष्य झालं आणि तिनं पुन्हा तेच केलं होतं, अंधारात बसली आणि चकार शब्द काढला नाही. आणि पुन्हा यांनी विचारलं नव्हतं.

दुपारी गल्लीतला डॉक्टर येऊन गेला. नाडी पाहून त्यानं रत्नाला एवढंच विचारलं, की भाऊबंद जवळपास आहेत ना. नानांनी ते दारातून ऐकलं. संक्रांत तीन आठवड्यांवर होती.

दिवेलागणीची वेळ झाली. ढगांमुळं अंधार लवकरच उतरला. रत्ना रोजच्या सवयीनं खिडकी लावायला गेली, तर नाना म्हणाले, "ऱ्हाऊ दे." ते बाहेर आले. वाफ्यापाशी क्षणभर थांबले. आज सकाळी कळी दिसली, आणि आज रात्री उजेड पडला की ती तिथंच थटणार, पुढं उमलणार नाही. हे त्यांच्याइतकं आता कुणालाच ठाऊक नव्हतं. अभिमनला फोन करून विचारायचं त्यांच्या मनात आलं, आणि काय विचारणार म्हणून राहिलं. रडू आलं, मोठ्यानं आलं, ते त्यांनी तिथंच पावसात आटपलं. मग ओट्यावर चढून त्यांनी बटण दाबलं.

सगळं अंगण एकदम उजळलं. भुरभुर पाऊस त्या उजेडात स्पष्ट दिसायला लागला. नाना आत येऊन खाटेशी बसले तेव्हा कमलबाई जाग्या होत्या. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. खूप वेळ पाहून झाल्यावर त्यांनी मान नानांकडं वळवली.

"दिवा लाया?"

"हां."

अभिमन बोलला तेव्हा कमलबाई ओट्यावरच होत्या, हे नानांना तेव्हा आठवलं. एक रात्रसुद्धा नको, हे त्यांनीही ऐकलं होतं. आपण नुसता दिवा लावला नाही, तर तीन महिने तोंडातून न निघालेली गोष्ट तिला सांगून टाकली, हे त्यांच्या ध्यानात आलं, पण आता बटण बंद करूनही उपयोग नव्हता.

"संक्रांत लई लांब शे का?" कमलबाईंनी विचारलं.

नानांनी तिची उशी सारखी केली. रत्ना तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली.

"धुळ्याना डॉक्टर तवयच बोलना व्हता ना?"

"हां," नाना म्हणाले. तीन महिन्यांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं उत्तर होतं.

कमलबाईंनी नानांचा डावा हात चाचपत धरला. नेमकी ती दोन बोटं धरली, आणि नानांना तो स्पर्श कळला नाही, नुसता दिसला. "परवादिन गुरुवार शे," त्या थांबत थांबत म्हणाल्या. "बाया येतीन. झेंडू द्या. रिकामं ताट नका धाडा." मग जरा दम घेऊन म्हणाल्या, "आते सरका थोडं. माले दिखी नही राह्यनं."

नाना खिडकीसमोरून बाजूला सरकले.